तलावाच्या भिंतीचा निळा

४ फेब्रुवारी

दादा,

'पत्रास कारण की' असं काही लिहीत नाही. कारण तुला ठाऊक असतं आणि तरी तू उत्तर देत नाहीस. फोन तू कापतोस. पत्र कापता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि वहिनी म्हणते की तू फाडत नाहीस, दुकानात नेऊन वाचतोस. तेवढ्या भरवशावर लिहिते आहे.

बातम्या दोन. पहिली अशी की मी आणि बाबा मिळून एक पुस्तक करतो आहोत. हसू नकोस. लहान मुलांचं, चित्रांचं पुस्तक. शब्द माझे, चित्रं त्यांची. बालवाडीत पोरं दंगा करायला लागली की मी त्यांना एका रंगाऱ्याची गोष्ट सांगते. 'एक होता रंगारी. त्याला रंग इतके आवडायचे, इतके आवडायचे, की झोपतानासुद्धा तो बोटं धूत नसे. न जाणो, स्वप्नात एखादी भिंत कोरी निघाली तर?' एका मुलीच्या आईची छोटीशी प्रकाशनसंस्था आहे. तिने लेकीच्या तोंडून ही गोष्ट ऐकली आणि माझ्यामागे लागली.

चित्रं कोण काढणार हा प्रश्नच नव्हता, पण घोडं तिथेच अडलं. पाट्या आणि भिंती रंगवणं बाबांनी केव्हाच सोडलंय, खालच्या खोलीला कुलूप. मी कागद पुढे ठेवले तर म्हणाले, "मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. मला पोराटोरांची चित्रं काय जमणार?" दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खोली उघडी, आणि टर्पेंटाइनचा वास जिन्यावरून वर स्वयंपाकघरापर्यंत आलेला. आई नाकाला पदर लावून बसली होती, पण रागावलेली नव्हती.

आता चित्रं जवळजवळ झाली आहेत. प्रकाशनाच्या बाई म्हणतात, तुमच्या वडिलांचा निळा काही औरच आहे. आहेच. नको तिथेही आहे. पण बाबांच्या निळ्यावर शंका घ्यायची आपल्या घरात कुणाची टाप आहे?

दुसरी बातमी. पाण्याचा डबा समजून त्यांनी परवा ब्रश दुधाच्या पातेल्यात बुडवला. आईने ताबडतोब हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय, आणि चांगला जुना. उद्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, डावा नंतर.

तू ये असं मी म्हणत नाही. नुसतं कळवते आहे. बरं, म्हणते आहे.

तुझी बारकी

९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र घाईत लिहिते आहे, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि रंगांबद्दलचं सांगायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही.

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली तेव्हा बाबा बाईंच्या कोटाकडे बघत राहिले. मग विचारलं, "कोट नवा घेतलात का?" त्या म्हणाल्या, नाही हो, जुनाच आहे. बाबा म्हणाले, "इतका पांढरा?" आणि हात पुढे करून कोटाची बाही चिमटीत धरली. मला वाटलं बाई रागावतील. त्या हसल्या. म्हणाल्या, पुष्कळजण असंच करतात.

घरी आल्यावर दार आईने उघडलं. बाबा उंबऱ्यातच थबकले. "तुझे केस इतके पांढरे कधी झाले?" आई म्हणाली, "तुमच्या संसारात झाले." पण ती लाजली, दादा. या वयात लाजली. कारण ते तिच्याकडे असं बघत होते की मीच तोंड फिरवलं.

मग स्वयंपाकघर. गॅस पेटवला आणि वर काही न ठेवता उभे राहिले. "हा निळा इथे होता? रोज?" आईने गॅस बंद केला. त्यांनी परत लावला. ज्योतीच्या मुळाशी एक निळा असतो आणि त्याच्या आत आणखी एक, जवळजवळ जांभळा. मी रोज त्याच्यावर चहा करते आणि आयुष्यात एकदाही तो पाहिलेला नाही. आम्ही तिघंही त्या शेगडीभोवती उभे होतो, आणि कुणालाच काही शिजवायचं नव्हतं.

तेव्हापासून घरात हेच चाललंय. वांगं हातात घेऊन बसतात. स्वतःच्या मनगटावरच्या शिरा बघतात. काल दोरीवर पांढरी चादर वाळत होती, तिच्यावर खांबाची सावली पडली होती. बाबांनी मला हाक मारून विचारलं, या सावलीचा रंग सांग. मी म्हटलं, काळपट. ते म्हणाले, नीट बघ. मी नीट बघितलं. निळी होती. दादा, सावली निळी असते. तुला हे माहीत असणार, तू लहानपणी सावल्या निळ्या काढायचास आणि मास्तरांचा मार खायचास. मला काल कळलं. मला भीती वाटली खरं तर, देवळात वाटते तशी. एवढं सगळं रोज समोर असतं आणि आपण त्याच्यातून भाजीची पिशवी घेऊन चालत जातो.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं. बाबा लगेच म्हणाले, "जुन्या व्हार्निशसारखं." अगदी तसंच, म्हणे. इतकं हळू पिवळं होतं की माणसाला पत्ताच लागत नाही, आणि निळा सगळ्यांत आधी मरतो. डावा डोळा अजून तसाच आहे, त्यामुळे त्यांना एक खेळच मिळालाय. उजवा झाकला की जग चहात बुडवल्यासारखं, डावा झाकला की धुतलेलं.

बारकी

१७ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र दुकानात वाचू नकोस. घरी ने.

डॉक्टरांनी थोडे दिवस खालच्या खोलीत जायला मनाई केली होती. परवा बंदी उठली. बाबा पुस्तकाची चित्रं बघायला गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत, म्हणून मी गेले. सगळी चित्रं जमिनीवर मांडून ते मध्ये उभे होते. मला म्हणाले, "हे कुणी केलं?"

आभाळ शाईसारखं होतं. दूध निळं होतं. रंगाऱ्याच्या गालांवर निळा होता. आम्ही सगळ्यांनी ती चित्रं पाहिली होती आणि 'बाबांची शैली' म्हणून माना डोलावल्या होत्या. बाबांनी उजवा डोळा झाकला, डाव्याने पाहिलं, म्हणाले, "आता बरोबर आहे." मग डावा झाकला. मग परत उजवा. असं किती वेळ चाललं. मग स्टुलावर बसले, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरताना पाहिलं. त्यांना चित्रांचं दुःख नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं होतं.

"चल," म्हणाले. "तलावावर जायचंय."

कुठला तलाव ते तुला सांगायला नको. तरी मला लिहू दे, कारण त्या दिवशी मी तिथे नव्हते आणि आपल्या घरात त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. मी ऐकलं ते असं. पोहण्याच्या तलावाची लांब भिंत रंगवायचं काम होतं. फिकट निळा हवा होता. रंग कालवणं तुझ्याकडे असायचं. तू बादलीभर कालवलास, एका कोपऱ्यात लावूनही दाखवलास. बाबा म्हणाले, हा मेलेला रंग आहे, मातकट. तू म्हणालास, बरोबर आहे. त्यांनी तुझ्या हातातली बादली घेतली आणि तिच्यात निळा ओतला, मग आणखी ओतला. आणि कामगार, तलावाचे साहेब, ओल्या अंगाने उभी असलेली पोहणारी पोरं, या सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या डोळ्यात रंगच नाही. नळ विक जा."

तू ब्रश ठेवलास, परगावी गेलास, आणि खरंच नळ-पाइपांच्या दुकानात लागलास. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हे तुला म्हणावं की त्यांना, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण वहिनी एकदा सहज बोलून गेली की तुम्ही घराला रंग द्यायचा ठरवलात तेव्हा तू सगळीकडे पांढरा दे म्हणालास, आणि मुलीने वहीतलं चित्र दाखवलं की 'आईला विचार, मला त्यातलं कळत नाही' म्हणतोस. ते ऐकून मी फोन ठेवल्यावर खूप रडले होते. तुला सांगितलं नव्हतं.

तलावावर दुपारची शांतता होती. भिंत अजून तशीच आहे, काळीनिळी, पोरं तिला फळा म्हणतात. बाबांनी डाव्या डोळ्याने ती पाहिली, मग उजव्याने. मग भिंतीला हात लावत लावत टोकापर्यंत गेले. तिथे पाण्याच्या टाकीमागे, जिथे नंतरचा मोठा ब्रश पोचला नाही, तिथे तुझा हातभर पट्टा अजून शिल्लक आहे. तू लावून दाखवलेला.

बाबांनी डावा डोळा झाकला. पट्ट्याकडे बघितलं. मग तलावाकडे. परत पट्ट्याकडे. मीही बघितलं, दादा. ऊन पाण्यावर होतं, आणि पाण्याचा जो रंग होता तोच भिंतीवर होता. कमी नाही, जास्त नाही. पाणी वर चढून भिंतीला चिकटल्यासारखं दिसत होतं. तेव्हा तू केवढासा होतास!

बाबा म्हणाले, "पाण्याचा रंग काढला होता त्याने."

मग ते त्या टाकीमागे बसून रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. काय करावं ते न सुचून मी उन्हासाठी आणलेली त्यांची छत्री धरून उभी राहिले.

बारकी

५ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. इकडे नवीन त्रांगडं झालंय.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, बाबा जायला तयार नाहीत. कारण विचारलं तर आधी सर्दी झाली, मग चित्रं नव्याने करायची आहेत म्हणाले (करताहेत, आणि काय करताहेत! पण ते नंतर), मग खरं बोलले. त्यांचं म्हणणं असं की भिंत रंगवली त्या दिवशी जे दिसलं ते आता फक्त या डाव्या डोळ्यात आहे. तोही स्वच्छ झाला तर पुरावा गेला. "तो आला तर त्याला दाखवता येईल ना, की मला खरंच तसं दिसत होतं. नाहीतर मी नुसताच दुष्ट म्हातारा."

दुसऱ्याच्या डोळ्यातून कुणाला कधी काय दाखवता आलंय? असं मी म्हटलं, तरी गेले नाहीत. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सुनावलं. मोतीबिंदू पिकून कडक होत चाललाय, जितका उशीर तितकं अवघड, आणि पुढे त्या कसलीच खात्री देणार नाहीत. आई बाबांशी बोलत नाहीये. ताट ठेवते आणि निघून जाते.

म्हणून आता सरळ लिहिते. ये. एका दिवसासाठी ये, त्या डोळ्याकडे बघून मान हलव आणि परत जा. तुझा राग तुझ्याकडे राहू दे, तो खरा आहे. पण त्या रागापायी म्हाताऱ्याचा डोळा जायला नको.

बारकी

२० मार्च

दादा,

तू आला नाहीस आणि ऑपरेशन झालं. कसं, ते सांगते.

पुस्तकात मी एक नवं पान लिहिलं होतं. तलावाचं. बाबांनीच सांगितलं होतं, गोष्टीत रंगाऱ्याला एक मुलगा दे. मी लिहिलं, रंगाऱ्याच्या डोळ्यावर एक पिवळा ढग आला होता, त्यामुळे त्याला मुलाचा निळा दिसलाच नाही. मला ते फार छान जमलंय असं वाटलं होतं. प्रकाशनाच्या बाईंनाही आवडलं.

बाबांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि ढगाच्या ओळीवर काट मारली. मी म्हटलं, अहो पण तेच तर खरं आहे. डोळ्यामुळेच झालं ना सगळं?

तेव्हा ते जे बोलले ते तुला शब्दाशब्दाने देते. "डोळ्यामुळे रंग चुकला. 'नळ विक जा' डोळा म्हणाला नाही. ते मी म्हणालो. डोळे चांगले असते, तर दुसऱ्या कशावरून तरी म्हणालो असतो."

मग म्हणाले, "चारचौघांत बोललो होतो. आता चारचौघांतच लिही. ढग नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, स्वतः रिक्षा थांबवून ते दवाखान्यात गेले. आईला नुसतं म्हणाले, पुरावा ठेवून काय करू. आई चप्पल घालून मागोमाग. आज दोन्ही डोळे उघडे आहेत. दोन्हींनी सारखं दिसतं. चहात बुडवलेलं ते जग आता कुणालाच दिसणार नाही.

बारकी

१२ एप्रिल

दादा,

सोबत नमुन्याची पानं पाठवते आहे. छापखान्यातून आलेली पहिलीच. दुकानात उघडलीस तर हात धुऊन उघड, तुझ्या नळांचं ग्रीस लागायला नको.

सगळी चित्रं बाबांनी नव्याने केली. मला वाटलं होतं आता डोळे नवे, तर रंगांचा नुसता धुडगूस घालतील. उलट झालं. इतके जपून लावलेत की एकेका पानापाशी माझा श्वास थांबतो. ज्योतीचं पान बघ. चादरीवरच्या सावलीचं बघ. बालवाडीत दाखवलं तर एरवी एक क्षण स्वस्थ न बसणारी पोरं जवळ सरकली, आणि एका मुलाने पुढे होऊन त्या सावलीवर तळहात ठेवला.

अकराव्या पानावर तलाव आहे, आणि काठावर तो मुलगा. शब्द एवढेच: 'रंगारी म्हणाला, हा रंग चुकला. मुलगा म्हणाला, बरोबर आहे. मुलाचं बरोबर होतं. रंगाऱ्याला ते कळायला फार वर्षं लागली, आणि तोवर तो मुलाला फार वाईट बोलला होता.' प्रकाशनाच्या बाई म्हणाल्या, लहान मुलांना हे जड होईल. बाबा म्हणाले, लहान मुलांनाच हे सगळ्यांत आधी कळतं.

पुस्तक पुढच्या आठवड्यात यंत्रावर चढेल. तुझ्या लेकीसाठी एक प्रत येईलच. तिला वाचून दाखवायचं की आईकडे पाठवायचं, ते तू ठरव.

बारकी

२४ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. काय माणूस आहेस! ना 'प्रिय', ना 'कसे आहात', ना खाली सही. इतक्या वर्षांनी दोन ओळी: 'अकराव्या पानावर शर्ट हिरवट उतरलाय. माझा निळा होता.'

'माझा.' मी तो शब्द किती वेळा वाचला ते सांगत नाही.

कार्ड बाबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी करून खिशात टाकलं आणि चपला शोधायला लागले. छापखान्यात आम्ही पोचलो तेव्हा यंत्र चालू होतं, अकरावं पान ज्या मोठ्या कागदावर आहे तोच छापून येत होता. बाबांनी एक कागद काढून खिडकीच्या उजेडात धरला. मीही पाहिला. मला शर्ट निळाच दिसला. मशीनवाल्याने भिंग लावून बघितलं, तो म्हणाला, काका, उत्तम आहे, यात हिरवं कुठेही नाही.

बाबांनी पुन्हा बघितलं. दोन्ही नव्या, धुतलेल्या डोळ्यांनी बघितलं, आणि मला त्यांच्या तोंडावरून कळलं की त्यांनाही हिरवं दिसत नाहीये. मी घाबरले. मला वाटलं, आता काय बोलतील?

ते म्हणाले, "पिवळी शाई कमी कर."

मशीनवाला म्हणाला, कमी करतो, पण शाई उभ्या पट्ट्यांनी कमीजास्त होते, आणि त्याच पट्ट्यात वर सूर्य आहे. शर्टातलं पिवळं काढलं तर सूर्यही फिका पडेल.

"पडू दे," बाबा म्हणाले. "मुलगा म्हणतोय."

त्याने यंत्राच्या चाव्या फिरवल्या. थोडे कागद वाया गेले, मग एक आला. बाबांनी तो आधीच्या कागदाशेजारी ठेवला. आणि दादा, शेजारी ठेवल्यावर दिसलं. आधीचा शर्ट हिरवट होता. अगदी केसभर, पण होता, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. नवा निळा होता, पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाच्या अंगावरचा. मशीनवाल्याने भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, तुमचा मुलगा कुठल्या छापखान्यात असतो? बाबा म्हणाले, "नळांच्या दुकानात." आणि दोन्ही कागद हातात धरून ते बघतच राहिले. गॅसच्या ज्योतीकडे बघत होते, तसेच. मलाही तसंच वाटत होतं. परगावी, पाइपांच्या ढिगात बसून, तुला एवढंसं पिवळं दिसलं.

मशीनवाल्याने विचारलं, आता पुढची पानं लावू का? बाबा म्हणाले, नको. ती आधी त्याला बघू दे. मशीनवाला कुरकुरला, सोमवारपर्यंत दुसरं काम चढवतो म्हणाला, त्यापुढे थांबणार नाही. प्रकाशनाच्या बाईंनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाल्या.

तर यंत्र थांबलंय. ये.

बारकी